कॅम्प पाचपर्यंतची फेरी

दिवाळी सरून थंडी जरा हाडाला लागली, की बदलापूरच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला कापलेल्या गवताचा वास येतो. ओल्या गवताचा नव्हे. त्या वासाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. हा वास वाळक्या, पिवळ्या, अंगाला टोचणाऱ्या गवताचा. त्यात धूळ असते, उन्हाचा करपटपणा असतो आणि नाकात गेला की शिंक येते. माळावरचं गवत कापून भारे बांधतात, वखारीत रचतात आणि मग लॉऱ्या भरभरून ते तबेल्यांकडे जातं. परवा मी अंबरनाथजवळच्या मोरिवलीला आले, तर रस्त्याच्या कडेच्या बाभळींना वरच्या वर गवताच्या काड्या लटकलेल्या दिसल्या. उंच भरलेल्या लॉऱ्या खालून जाताना बाभळी आपला वाटा काढून घेतात. त्या काड्या पाहिल्या आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली. पिशवीत पत्रकं होती. पत्रकांचं वजन ती वाटणाऱ्यालाच ठाऊक असतं.

मी पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक बोलणं नाही. आमच्या खोलीत फळीवरच्या डब्यांखाली पत्रकं अंथरलेली असत. अण्णा भाकरी पत्रकात गुंडाळून कामावर नेत. थंडीत खिडकीच्या फटीत पत्रकांचे बोळे कोंबलेले असत. इतर मुलं 'ग गवताचा' शिकली. मी 'कामगार बंधूंनो' शिकले. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहीत. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणून बघत, मी समोर बसून ऐके, आणि माझ्या तोंडावर काही उमटलं नाही तर ते वाक्य खोडत. त्यामुळे जगातली सगळी वाक्यं लढाईसाठीच असतात असं मला वाटे. कोणाचाही निषेध न करणारं, साधं एका कुत्र्याविषयीचं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

ज्या हंगामाची ही गोष्ट, तो संप मोडल्यानंतरचा होता. 'मोडला' हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. 'मागे घेतला' म्हणायचं. बहुतेकांना कामावर परत घेतलं, काहींना घेतलं नाही, आणि न घेतलेल्यांत अण्णा होते. त्यांच्या शेवटच्या पत्रकाची शेवटची ओळ होती, 'आम्ही एकालाही मागे ठेवून पुढे जाणार नाही.' संप मागे घेतल्यानंतरच्या पहिल्या सकाळी भोंगा झाला आणि लोक आमच्या दारावरून मान खाली घालून कामावर गेले. अण्णा ओट्यावर बसून एकेकाला नावाने राम राम करत होते. त्यांना राग आला नव्हता. मला आला होता. माझा राग अजूनही माझ्याकडे आहे, पण हल्ली तो लवकर दमतो.

दमणं या गोष्टीची त्या वर्षी मला पहिली ओळख झाली. दमलो आहोत असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आई चुलीपुढे बसल्या बसल्या डुलकी घेई आणि जागी झाली की चुलीला दोष देई, धूर फार होतो म्हणे. अण्णा दारासमोरच्या चिंचेखालच्या दगडावर बसत आणि उठताना दगडाला हात टेकत. वय म्हणावं असं त्यांचं काही नव्हतं. आणि गवताची धूळ सगळ्यांवर बसत होती: वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, ठरावच्या पाठीवर.

ठराव हा आमचा कुत्रा. आमचा म्हणजे कोणाचा, यावर पुढे वाद झाला, तो सांगेनच. संपाच्या सुरुवातीला चिंचेखाली सभा चालू होती, ठराव मांडायचा म्हणून अण्णा उभे राहिले, आणि कुठूनसं एक मातकट रंगाचं पिल्लू येऊन बरोबर त्यांच्या पायाशी बसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ठराव आला!" नाव पडलं ते पडलं. आम्ही मोरिवलीत ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो त्या हिराकाकी, आगरी बाई, त्याला 'ठऱ्या' म्हणत. संपाच्या दिवसांत ठऱ्या कारखान्याच्या फाटकावर बसे, मोर्च्यात पुढे चाले, लाल फलकाच्या सावलीत झोपे आणि भूक लागली की हिराकाकींच्या मागच्या दारी जाई. कुठे लढायचं आणि कुठे जेवायचं, हे त्याला आमच्यापेक्षा नीट कळलं होतं.

नाशिकला अण्णांच्या एका जुन्या स्नेह्यांचा छापखाना होता. अक्षरांचे खिळे जुळवायला विश्वासाचा माणूस हवा होता. जायचं ठरलं, आणि आई भांडी बांधायला लागली तेव्हा अण्णा म्हणाले, "ठराव येणार आपल्याबरोबर."  आईने हातातली कढई आणखी जोरात घासली. मग म्हणाली, तिथे एका खोलीत आपण तिघं, त्यात हा. आणि इथे हिराताई आहेतच की. अण्णांच्या मनातली ओळ आम्हा दोघींनाही पाठ होती. एकालाही मागे ठेवणार नाही. माणसांच्या बाबतीत ती ओळ खोटी पडली होती. आता कुत्र्याच्या बाबतीत तरी ती खरी व्हायला हवी होती. आज हे लिहायला सोपं आहे. तेव्हा आमच्या खोलीत ते कोणी बोललं नाही, आणि तरी त्या दिवसापासून सगळं त्याच एका गोष्टीवर येऊन थांबलं. मीही हट्टाला पेटले. ठराव आला नाही तर आम्ही हरलो, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "आणि आला तर?"

रेल्वेने नेता आला असता. पण रेल्वेत कुत्र्याला साखळी घालून पिंजऱ्यात ठेवतात असं अण्णांना कळलं आणि तो विषय तिथेच संपला. पिंजरा नाही आणि साखळीही नाही. जो आपल्या पायाने आला त्याने आपल्या पायानेच पुढे यायचं. हे त्यांचं दुसरं तत्त्व. आमच्या घरात तत्त्वांना तोटा नव्हता.

मग लोकूमल. लोकूमल उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, मिलिटरीच्या जुन्या बराकीत राहत असे. सिंधमधून येताना काय काय सोडलं हे तो कधी सांगत नसे, विचारलं तर म्हणे, "बहुत कुछ था साईं, अब लॉरी है." लॉरीही मिलिटरीचीच, लिलावातली, खाकी रंगावर हिरवा रंग दिलेली, आणि हिरवा उडाला तिथे पुन्हा खाकी. गवताच्या हंगामात तो रोज संध्याकाळी बदलापूरच्या वखारीतून गवत भरून कॅम्पातल्या तबेल्यांना आणी. हंगाम उतरला की रिकामी लॉरी नाशिकला नेऊन कांदा आणी. त्याच्या पहिल्या कांद्याच्या फेरीला आम्ही जायचं ठरलं. शेठ म्हणायला अण्णा तयार नव्हते, ते 'लोकूमलभाई' म्हणत. तो त्यांना 'साईं' म्हणे.

कुत्र्याचं ऐकून मात्र त्याने कानाला हात लावला. त्याचं म्हणणं, घाटात लॉरीचा दचका बसला की कुत्रा उडी मारतो, आणि उडी मारली की चाकाखाली. त्याने हे पाहिलेलं होतं. अण्णांनी विचारलं, सवय केली तर? लोकूमलने दाढी खाजवली, ठरावकडे पाहिलं. ठरावने शेपटी हलवली. "आदत डालो," तो म्हणाला. "मैं रोज शाम को इधर से जाता हूँ. बैठाओ इसको ऊपर. देखते हैं."

सवय लावणं हे आमचंच काम होतं. मोर्च्याची आम्ही तालीम करत असू. कोण पुढे, कोण मागे, कुठे घोषणा द्यायची, कुठे गप्प राहायचं. अटक झाली तर काय बोलायचं याचीसुद्धा तालीम असे. तयारी नीट झाली की गोष्ट नीट होते, यावर अण्णांचा इतका विश्वास होता की संप फसल्यावरही ते म्हणत, आपली तयारी कमी पडली. तेव्हा ठरावची तालीम सुरू होणं अगदी साहजिक होतं.

पण त्याआधी तो वाद. कुत्रा न्यायचा ही बातमी पसरली आणि कामावर परत गेलेले लोक एका संध्याकाळी चिंचेखाली जमले. संप मागे घेतल्यापासून त्यातले बरेच जण आमच्याकडे फिरकले नव्हते. बोलायला विषय नव्हता, आता मिळाला. एकाने मुद्दा काढला की ठराव हा एकट्या अण्णांचा नाही, तो सगळ्यांचा. सभेत आला तेव्हा सभेचा. दुसऱ्याने विचारलं, मग त्याला रोज भाकरी सभा घालते का? हिराकाकी ओट्यावरून म्हणाल्या, "भाकरी मी घालतंय, माजं नाव घ्या कोनी तरी." थोडं हसू झालं. महादू भोईर म्हणून अण्णांच्याच खात्यातला एक गडी होता, जिभेने तिखट. तो म्हणाला, "कुत्र्यालाच विचारा की अण्णा. हात वर करतो का बघू." त्यावर सगळे हसले, अण्णाही. कित्येक दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. शेवटी रीतसर मत घेतलं. ठरावने अण्णांबरोबर नाशिकला जावं असं ठरलं. हात वर करताना महादूच्या डोळ्यांत पाणी होतं. तो गवताच्या धुळीला दोष देत होता. त्या हंगामात सगळेच कशाला ना कशाला दोष देत होते.

तालमीतली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची होती, हे मला आजही कबूल करावं लागतं. पहिल्या दिवशी लोकूमलने लॉरी चिंचेजवळ थांबवली, इंजिन बंद केलं आणि मी ठरावला घेऊन मागे गवताच्या भाऱ्यांवर चढले. तो थरथरत होता. भाऱ्याच्या खळग्यात त्याला बसवलं, कानामागे खाजवलं, उतरवलं. मग इंजिन चालू ठेवून. मग चिंचेपासून वळणापर्यंत. मग थेट कॅम्प पाचच्या नाक्यापर्यंत. पोटात अन्न असलं की लॉरीत ओकतो, म्हणून आधी खायला घालायचं नाही, हा हिराकाकींचा सल्ला. फेरी करून परत आला की भाकरी, आणि वर सुकटीचं कालवण. कॅम्प पाचला नळावर लोकूमल इंजिनात पाणी घाली. तिथे आम्ही उतरायचं आणि गवताच्या काड्या झटकत पायी मोरिवलीला परत यायचं, म्हणजे कुत्र्याचे पाय मोकळे होतात, हा अण्णांचा विचार. दोरी नाही. ठराव पुढे, मी मागे. मी मागे राहिले की तो थांबे, वळून बघे, आणि मी जवळ आले की पुन्हा पुढे.

त्या फेऱ्यांइतकं सुखाचं मला त्या वर्षात काही आठवत नाही. गवताच्या डोंगरावर बसलं की रस्ता खाली कुठेतरी राही. बाभळीची फांदी आली की आम्ही दोघं डोकं खाली घालत असू. ठरावला ते माझ्याआधी जमलं. उजवीकडे कारखान्याची धुराडी, डावीकडे बराकींच्या रांगा, त्यांच्या दारांत पापड वाळत घातलेले. पापड उन्हातून काढणाऱ्या सिंधी बाया आमच्याकडे बघून हसत आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणत. मावळतीच्या उजेडात गवत पितळेसारखं दिसे. खाली लोक थकून चाललेले असत आणि मी वर बसून, ज्याला कशाचीच खंत नाही अशा एका जनावराच्या गळ्यात हात टाकून जात असे. लोकूमल खिडकीतून मान बाहेर काढून विचारी, "लीडर बैठा है ना?" ठरावला तो लीडर म्हणे. हळूहळू ठराव इतका तयार झाला की संध्याकाळी लॉरीचा आवाज लांबून आला की चिंचेखाली जाऊन उभा राही, आणि लॉरीच्या मागची फळी, म्हणजे फाळका, पाडायच्या आत एका उडीत वर. आम्हाला धन्य वाटे. अण्णा म्हणत, बघा, समजावून सांगितलं की बांधावं लागत नाही.

एकट्या हिराकाकींना काहीतरी खटकत होतं. त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "गो पोरी, ह्यो जातंय तवरा बरा जातंय. पन तुमाला जायाचं हाय, आनि ह्यो रोज येतंय." मी म्हटलं, येणारच ना काकी, अजून हंगाम आहे.  त्यांनाही शब्दात सापडलं नसावं. त्या ठऱ्याची भाकरी मोडत राहिल्या.

आईने मनाविरुद्ध का होईना, त्याचं सामान बांधलं. पाण्याला जर्मनचं एक वाडगं. शिळ्या भाकरीचे तुकडे, फडक्यात. आणि अंथरायला संपातला लाल फलक. त्याच्यावरची पांढरी अक्षरं धुऊन धुऊन पुसट झाली होती. आईने त्याची चौपदरी घडी घालून कडेने टाके मारले. त्याच्या सावलीत झोपायची त्याला सवय आहे, म्हणाली, वास ओळखेल. लॉरीच्या हौद्यात, ड्रायव्हरच्या पाठीशी, जिथे दचके कमी बसतात तिथे त्याची जागा ठरली. आम्ही ट्रंकांवर, वळकट्यांवर, जमेल तसे. सगळ्यांत चांगली जागा ठरावची.

निघालो ती सकाळ होती. ऊन असतानाच घाट चढायचा म्हणून लोकूमल लवकर आला. भोंगा व्हायचा होता, त्यामुळे कामावर जाणारे लोक चिंचेखाली थांबले होते. महादूने अण्णांच्या हातात विड्यांचं बंडल दिलं. हिराकाकींनी आईची ओटी भरली आणि ठरावकडे बघायचं टाळलं. लॉरी रिकामी होती, गवत नव्हतं, वेळ संध्याकाळची नव्हती. आम्हाला धाकधूक की तो बुजेल. तो बुजला नाही. एका उडीत वर चढला, फलकाभोवती एक गिरकी घेतली आणि बसला. चिंचेखालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपात आम्हाला न मिळालेला विजय तो होता. अण्णांनी मूठ वर केली. लॉरी हलली. भोंगा झाला, तेव्हा आम्ही वळणावर होतो आणि मागे लोक फाटकाकडे धावत होते.

बाभळीची फांदी आली. डोक्यावर चांगली उंच होती, तरी ठरावने मान खाली घातली. आई हसली. मी तिला तेव्हाच सांगितलं होतं की हा हुशार आहे.

कॅम्प पाचच्या नाक्यावर लोकूमलने नेहमीप्रमाणे लॉरी उभी केली. इंजिनात पाणी घालायचं होतं, आणि त्याची बायको रस्त्यात फडक्यात बांधलेल्या कोक्या घेऊन उभी होती; प्रवासाला निघताना त्या जाड, खमंग पोळ्या देतात. ठराव उठला. अंग झटकलं. फाळक्यावर पुढचे पाय टेकवले आणि उतरला. पळाला नाही. घाबरला नाही. ज्याचं काम नीट पुरं झालं आहे अशा चालीने तो मोरिवलीच्या रस्त्याला लागला. थोडं पुढे जाऊन थांबला आणि वळून माझ्याकडे बघायला लागला.

 त्याने एकही चूक केलेली नव्हती. कॅम्प पाचला उतरायचं, काड्या झटकायच्या, घरी जायचं, भाकरी खायची. आम्ही इतक्या संध्याकाळी, इतक्या प्रेमाने त्याला दुसरं काय शिकवलं होतं? लॉरी म्हणजे परत येणं, हे त्याला आम्हीच पटवून दिलं होतं. नाक्याच्या पुढे रस्ता आहे, हे त्याला दाखवायचं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं. आम्हाला तो रस्ता कुठे बघायचा होता.

अण्णा उतरले. मीही उतरले. मला उतरलेली पाहून ठराव खूश झाला आणि आणखी चार पावलं घराकडे गेला. हाक मारली की शेपटी हलवी, पण परत येईना. उलट, चल ना, असं त्याचं तोंड. लोकूमलने सीटखालून भारे बांधायचा काथ्याचा दोर काढला आणि अण्णांच्या पुढे धरला.

"बांध दो साईं. घाट के पार भूल जाएगा."

अण्णांनी दोर घेतला. मग विचारलं, "तुम्ही विसरलात?"

लोकूमल आपल्या बराकीकडे बघत राहिला. "नहीं," तो म्हणाला. "मगर मुझे किसी ने पूछा नहीं था."

अण्णा दोर घेऊन ठरावजवळ गेले आणि गुडघ्यावर बसले. ठराव त्यांच्या हाताखाली मान घालून उभा राहिला. तो कोणालाही बांधू द्यायला तयार होता, त्याला बांधणं ठाऊकच नव्हतं. वरून आई म्हणाली, "अहो, बांधा ना त्याला." तिचा आवाज फाटला होता. इतके दिवस नको म्हणणारी माझी आई.

अण्णा म्हणाले, "त्याला घरी जायचंय."

"आणि आपल्याला?" आई म्हणाली.

 ठरावच्या कानात अडकलेली आदल्या फेरीतली गवताची काडी अण्णांनी काढली. उठताना जमिनीला हात टेकला. येऊन दोर लोकूमलच्या हातात दिला आणि लॉरीत चढले. त्यांनी मला बोलावलं नाही, मीच आले. ठराव रस्त्याच्या मध्ये उभा होता. लॉरी सुरू झाल्यावर त्याने मान वाकडी केली. दिसेनासा होईपर्यंत तो तसाच उभा होता, त्यामुळे घरी केव्हा गेला ते आम्हाला कळलं नाही.

पडघा, शहापूर, मग घाट. हौद्यात सामानाची दाटी होती. आईचा एक पाय ट्रंकेखाली आखडलेला, मी पिंपाला टेकून. लाल फलक मात्र मोकळा पडलेला होता. तिथे कोणी बसलं नाही. वळणांवर तो घसरे आणि आई हाताने पुन्हा जागेवर सरकवी. नाशिकला पोचेपर्यंत ती हेच करत होती.

पुढची काही वर्षं मी मनातल्या मनात अण्णांशी भांडले. एका पत्रकातलं वाक्य दुसऱ्या पत्रकातल्या वाक्यावर उलटलं तर कुठलं धरायचं? कोणाला मागे ठेवायचं नाही, आणि कोणावर जबरदस्ती करायची नाही. दोन्ही त्यांचीच, दोन्ही मला पाठ. मी असते तर बांधलं असतं, असं मला वाटे. आता स्वतः पत्रकं लिहिते, सभांना जाते, समोरच्या माणसांचे दमलेले चेहरे बघते, आणि इतकं खात्रीने वाटत नाही. अण्णा अजून खिळे जुळवतात. डोळे अधू झालेत. बोटांनी अक्षर ओळखतात. ठरावविषयी ते कधीही विचारत नाहीत. मी मोरिवलीला मुक्काम करणार म्हटल्यावर एवढंच म्हणाले, "चिंच आहे का बघ."

चिंच आहे. हिराकाकीही आहेत, कंबरेत वाकल्या आहेत. गेल्या गेल्या मी विचारलं. त्या म्हणाल्या, ठऱ्या त्याच सकाळी परत आला, भाकरी खाल्ली, आणि तेव्हापासून संध्याकाळी कुठल्याही लॉरीचा आवाज आला की चिंचेखाली जाऊन उभा राही. "त्यो सिंधी बी असा," त्या म्हणाल्या, "कांद्याचं सोडून येक दिस गवताला आला, तं ह्याला बघून थांबला. फाळका पाडला. मंग काय, रोज." दर हंगामात, रोज संध्याकाळी, ठराव गवताच्या लॉरीतून कॅम्प पाचला जायचा आणि एकटा पायी परत यायचा. म्हातारा झाल्यावर चढवेना, तेव्हा लोकूमल उतरून उचलून वर ठेवी. मागच्या पावसाळ्यात तो ओट्याखाली झोपला तो उठला नाही. हिराकाकींनी मागच्या परसात पुरला.

संध्याकाळी मला कॅम्प पाचला सभेला जायचं होतं. चिंचेखाली पिशवी घेऊन उभी होते, तर बदलापूरकडून गवताची लॉरी आली आणि चिंचेपाशी हळू झाली. थांबवायला मी हात केला नव्हता. खिडकीतून लोकूमलने पाहिलं, ओळखायला वेळ लागला, मग म्हणाला, "चढो बेटी." मागे भाऱ्यांवर चढायची आता माझ्यात ताकद नाही असं मला वाटलं होतं. चढले. बाभळीची फांदी आली तेव्हा मान आपोआप खाली गेली.

नाक्यावर तो इंजिनात पाणी घालायला उतरला, तेव्हा मी विचारलं, अजून चिंचेजवळ लॉरी हळू का करता? तो म्हणाला, पाय ऐकत नाही. मग डबा नळाखाली धरून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "रोज इधर उतरता था. सीधा घर नहीं जाता था. थोडा खड़ा रहता था, पीछे देखता था."

"कशाला?"

"तुम उतरती थी ना पीछे से," लोकूमल म्हणाला.

अण्णांना काय सांगायचं ते मला तेव्हा कळलं. ठराव मागे राहिला नव्हता. आम्ही जिथपर्यंत आणलं होतं तिथपर्यंत तो रोज येत होता.

लॉरी तबेल्यांकडे गेली. मी मोरिवलीच्या रस्त्याकडे तोंड करून जरा वेळ उभी राहिले, कपड्यांवरच्या काड्या झटकल्या, आणि पिशवी उचलून सभेच्या दिशेला चालू लागले.